भज्यांची नक्कल सोडा, फुणके मांडा : संध्याकाळचं खाणं हलकं आणि प्रथिनांचं कसं करावं

चाळीसगावहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. यजमान ४१ वर्षांचे, वजन ७२ किलो, साखर काठावर. डॉक्टरांनी तळण कमी करून प्रथिनं वाढवायला सांगितलं आहे. मुलगा पंधरा वर्षांचा, कबड्डी खेळतो आणि संध्याकाळी सहाला भुकेने कासावीस होऊन घरी येतो. शेव, भजी, कचोरी, केळीचे वेफर्स यांच्याशिवाय घरातली संध्याकाळ होत नाही. ताईंनी एअर फ्रायर घेतला, त्यात कांदाभजी केली, ती कोरडीठाक झाली. प्रोटीन पावडर घालून बेसनाची धिरडी केली, ती रबरासारखी झाली. सासूबाईंनी ताटली बाजूला सारली. आता काय करावं, असं त्या विचारतात.

ताई, तुमच्या हाताला काही दोष नाही. मी जळगावात एकोणीस वर्षं आहारसल्ला देते आणि त्याबरोबर स्वयंपाकाचे वर्गही घेते. तुमच्यासारखी भजी मी वर्गात कितीतरी वेळा पाहिली आहेत. भज्याचं पीठ पातळ असतं. कढत तेलात पडताच त्याला चारी बाजूंनी एकदम आच लागते, बाहेर पापुद्रा धरतो आणि आतला ओलावा आतच राहतो. एअर फ्रायरमध्ये फिरते ती गरम हवा. ती पीठ आधी वाळवते, मग शिजवते. बेसन तर असंही पाणी पिणारं. म्हणून भजं घशाला चिकटतं. तळलेल्या पदार्थातलं तेल नुसतं काढून घेतलं, की त्याच्या जागी काहीच उरत नाही. त्यापेक्षा जन्मापासूनच वाफेवर किंवा तव्यावर होणारा शेजारचा पदार्थ उचलावा. असे पदार्थ शोधायला आपल्याला खानदेशाबाहेर जावं लागत नाही.

आधी एक हिशेब घरी करून बघा, कारण तो डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. कढईत तेल वजन करून घाला. भजी तळा. तेल निवलं की गाळून पुन्हा वजन करा. जे कमी भरलं, ते भज्यांत गेलं. माझ्या वर्गात पाव किलो बेसनाच्या कांदाभज्यांना साधारण ११० ते १२० ग्रॅम तेल लागतं. पाच माणसांत वाटलं तर माणशी साडेचार-पाच छोटे चमचे तेल, म्हणजे नुसत्या तेलाच्या सुमारे २०० कॅलरी. आणि प्रथिनं? पाव किलो बेसनात पन्नासेक ग्रॅम असतात, म्हणजे माणशी दहा ग्रॅम. हे काही वाईट नाही! बेसन बिचारं आपलं काम चोख करतं आहे. अडचण तेलाची आहे, त्यामुळे पावडर आणून बेसनाला बळ द्यायची गरजच नव्हती.

प्रथिनं किती हवीत तेही सांगते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम. तुमच्या यजमानांना साधारण ६० ग्रॅम. दिवसाच्या चार ज्वारीच्या भाकरींतून २४ ग्रॅमच्या आसपास मिळतात, वाटीभर वरणातून आठ-नऊ, पेलाभर दुधातून सहा-सात, भाजीतून दोन-तीन. बेरीज चाळिसाच्या थोडी वर जाते. जो खड्डा उरतो तो सतरा-अठरा ग्रॅमचा, आणि संध्याकाळचं खाणं नेमकं तिथे बसतं. म्हणून तुम्ही सहाच्या खाण्याचा विचार करताय ते मला फार योग्य वाटतं.

आता फुणके, म्हणजे भिजवलेल्या डाळीचे वाफवलेले मुटके.

माझ्या सासूबाई शिंदखेड्याकडच्या. लग्नानंतर पहिल्यांदा फुणके वाटायला बसले तेव्हा त्या मागे उभ्या राहून एकच सांगत होत्या : "दायमा पानी नको टाकजो," म्हणजे डाळीत पाणी घालू नकोस. फुणक्यांचं सगळं गणित या एका वाक्यात आहे. चार माणसांसाठी २०० ग्रॅम डाळ घ्या. आमच्याकडे तुरीची जास्त असते. मी तूर दोन भाग, हरभरा एक भाग, मूग एक भाग घेते. चार तास भिजवा. चाळणीत उपसून किमान पंधरा मिनिटं निथळू द्या. ही निथळणी कोणी मनापासून करत नाही आणि फुणके तिथेच बिघडतात. मग हिरवी मिरची, दहा-बारा लसणाच्या पाकळ्या, जिरं आणि मीठ घालून पाण्याचा थेंबही न टाकता भरड वाटा. मिक्सर असेल तर थांबून थांबून फिरवा. काही डाळ अख्खी राहिली तर राहू द्या, तिच्यामुळेच फुणका मोकळा होतो. गंधासारखं गुळगुळीत वाटलं तर वाफवल्यावर गोळा चिवट होतो आणि दाताखाली खोडरबर चावल्यासारखं वाटतं. हळद, भरपूर कोथिंबीर, आणि मिळाली तर बारीक चिरलेली कांद्याची पात किंवा मेथी मिसळा. सोडा घालू नका, लागत नाही.

मुठीत दाबून लांबट मुटके करा. चाळणीला तेलाचा हात लावा, खाली पाणी उकळत ठेवा, झाकणाला फडकं बांधा म्हणजे वाफेचं पाणी थेंब थेंब खाली पडणार नाही. पंधरा ते अठरा मिनिटं. सुरी घालून बघा, कोरडी निघाली की गॅस बंद करून पाच मिनिटं तसेच राहू द्या. लगेच काढले तर तुटतात.

सोबत कढी हवीच. फुणका कोरडा, कढी पातळ. एकमेकांशिवाय दोघंही अपुरे. कढीत फुणका कुस्करायचा, वरून तेलाची धार सोडायची. ही धार मात्र बाटलीतून सोडू नका. माणशी एक छोटा चमचा, मोजून. मी तर त्या चमचाभर तेलातच लसूण आणि लाल मिरची तांबूस करून ते गरम तेल फुणक्यावर घालते. पिठात मिसळलेलं तेल जिभेला कळत नाही, वरून घातलेलं पहिल्या घासाला कळतं. तेल कमी करायचं असेल तर ते पदार्थाच्या पोटातून काढून डोक्यावर ठेवावं, एवढं एक सूत्र कुठल्याही पदार्थाला लावून बघा.

अशा ताटलीत फुणक्यांची अकरा ग्रॅम प्रथिनं आणि कढीची दोन-तीन, म्हणजे तेरा-चौदा ग्रॅम सहज होतात. तुमच्या मुलाला दीडपट द्या. उरलेले फुणके दुसऱ्या दिवशी हाताने मोकळे करून मोहरी, कढीपत्ता, हिंगाच्या फोडणीवर परतले की डब्याला वाटल्या डाळीसारखा चुरा होतो. त्यावर लिंबू आणि कच्चा कांदा. सासूबाईंना वायूचा त्रास असेल तर सगळी मुगाचीच डाळ घ्या, भिजवलेलं पाणी टाकून द्या, वाटताना ओवा आणि हिंग घाला. आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या उन्हात डाळ चार तास ओट्यावर ठेवू नका, आंबूस वास येतो. फ्रिजमध्ये भिजवा.

दुसरा पदार्थ कळण्याचा. ज्वारीबरोबर अख्खे काळे उडीद दळून केलेलं हे पीठ आपल्याकडे बहुतेक घरांत असतं, पण त्याची फक्त भाकरी होते आणि तीही भरताच्या दिवशी. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी पडतो, तो उडदात भरपूर असतो. उडदात मेथिओनिन कमी, ते ज्वारी भरून काढते. दोन्ही एकत्र आली की शरीराला ती प्रथिनं अधिक चांगली वापरता येतात. आपल्या आज्यांना ही नावं माहीत नव्हती, पण जोडी त्यांनी अचूक जुळवली होती. नेहमीचं प्रमाण चार भाग ज्वारीला एक भाग उडीद असं असतं. तुम्ही गिरणीत देताना तीनास एक करा. त्याहून जास्त उडीद नको, भाकरी काळपट आणि चिकट होते.

या पिठाची धिरडी करा. रात्री पीठ ताकात सैलसर भिजवायचं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लसूण-मिरचीचा ठेचा आणि बारीक चिरलेला कांदा घालून तव्यावर पसरायचं. (दिवसभर बाहेर ठेवलं तर उन्हाळ्यात फार आंबतं, सकाळी फ्रिजमध्ये टाका.) दळतानाच मीठ घातलं असेल तर वरून घालू नका, चाखून बघा. तवा चांगला तापलेला हवा, पण पीठ घालताना आच मंद. झाकण ठेवून एक बाजू पूर्ण होऊ द्या. उडदाच्या चिकटपणामुळे धिरडं तुटत नाही, म्हणून तव्याला अर्धा चमचा तेल पुरतं. दोन धिरड्यांत सत्तर ग्रॅम पीठ गेलं तर नऊ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. सोबत चक्का.

चक्क्याबद्दल थोडं. अर्धा किलो दही फडक्यात बांधून चार-पाच तास टांगलं की साधारण निम्मं वजन उरतं. पाणी खाली जातं, बरीचशी प्रथिनं वर राहतात. शंभर ग्रॅमला सहा-सात ग्रॅम. त्यात भाजलेल्या हिरव्या मिरचीचा ठेचा, लसूण, मीठ आणि चिमूटभर जिरेपूड घालून फेटा. हे घट्ट, तिखट-आंबट लावण एकदा घरात आलं की मुलं कशालाही लावून खातात. निथळलेलं पाणी फेकू नका, भाकरीचं पीठ त्यात मळा.

तुमचा एअर फ्रायर पडून राहू नये म्हणून बट्टीकडे येते. बट्टी आधी वाफवलेली किंवा उकडलेली असते, मग कापून तुपात तळतात. म्हणजे शिजण्याचं काम आधीच झालेलं असतं, तळण्याने फक्त बाहेरचा कुरकुरीतपणा येतो. एअर फ्रायरला नेमकं तेवढंच काम चांगलं जमतं. गव्हाचं जाडसर पीठ दोन भाग आणि हरभऱ्याच्या डाळीची भरड एक भाग, ओवा, हळद, मीठ, तीनशे ग्रॅम पिठाला दोन छोटे चमचे तूप. घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा, कारण भरड सावकाश फुगते. वळ्या करून वीस-पंचवीस मिनिटं वाफवा, पूर्ण निवू द्या, मगच कापा. गरम कापल्या तर भुगा होतो. तुकड्यांना बोटाने तुपाचा हात लावा आणि १८० अंशांवर बारा-पंधरा मिनिटं, मध्ये एकदा हलवून. तळलेल्या बट्टीची खुसखुस शंभर टक्के येत नाही, हे आधीच सांगते. पण वरणात बुडवल्यावर फरक फारसा जाणवत नाही, आणि माझ्या घरी आता तळलेली बट्टी फक्त पाहुण्यांच्या पंगतीला होते.

हाच नियम कचोरीला लावता येत नाही. कचोरीची पारीच मैद्याची आणि मोहनाची, ती खुसखुशीत होते तीच तेलामुळे. महिन्यातून एकदा बाजारची ताजी, गरम कचोरी खा आणि मन भरून खा. वेफर्सचंही तसंच. केळ्यात प्रथिनं नावालाच असतात. वेफर्स भाजा, वाळवा, काहीही करा, ते प्रथिनांचे होणार नाहीत. तो आपल्या भागाचा अभिमानाचा पदार्थ आहे, त्याला औषध करू नका.

शेवेबाबत लोक माझ्याशी वाद घालतात. ओव्हनमधली शेव, एअर फ्रायरमधली शेव, सोयाबीनची शेव, सगळी करून पाहिली. एकही मला मनापासून आवडली नाही आणि न आवडणारा पदार्थ मी कोणाला सांगत नाही. कुठल्याही पाकिटामागे वाचा : शंभर ग्रॅम शेवेत ३५ ते ४० ग्रॅम तेल सहज असतं, काहींत त्याहून जास्त. तेव्हा शेव ताटात मुख्य नको, वरून पेरायला असू द्या. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपला भत्ता. एरवी त्यात मुरमुरे डोंगराएवढे आणि बाकी शेव-फरसाण असतं. तुम्ही माणशी दोन मुठी मुरमुरे घ्या, त्यात तेवढेच दिसतील इतके फुटाणे (तीस ग्रॅम), थोडे भाजलेले दाणे, आणि वाफवलेली मोड आलेली मटकी अर्धी वाटी. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू, चिमूटभर काळा मसाला. आणि शेवटी शेव, एक मोठा चमचा. कालवून लगेच खायला द्या, मटकीच्या ओलाव्याने मुरमुरे पाच मिनिटांत मऊ पडतात. बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं, तेल जेमतेम. तुमचा मुलगा मैदानावरून आला की दहा मिनिटांत हे हातात पडेल; फुटाणे आणि मटकी आधीच तयार हवी, एवढंच.

दाण्यांचा हात मात्र आवरता ठेवा. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं असतात हे खरं, पण तेलही चाळीस ग्रॅमच्या वर असतं. एक मूठ प्रथिनांची, दुसरी मूठ वजनाची.

पातोड्या, म्हणजे शिजवलेलं बेसन थापून कापलेल्या वड्या, तुम्हाला येतच असतील. थापलेल्या पातोड्या मुळात हलक्याच. माणशी पन्नास ग्रॅम बेसनात दहा ग्रॅम प्रथिनं. त्यांचं सगळं तेल रश्शाच्या तर्रीत असतं. कांदा आणि खोबरं तेलात न तळता कोरडं भाजून वाटलं, की दोन चमचे तेलात चौघांचा रस्सा होतो. पातोड्या कढीत टाका, त्याही छान लागतात.

भज्यांची हौस उरलीच, तर मुगाची करा आणि अप्पेपात्रात करा. भिजवलेली मुगाची डाळ भरड वाटून, हाताने पाच मिनिटं एकाच दिशेने फेटायची. हवा भरली की सोड्याची गरज पडत नाही. प्रत्येक खळग्यात तेलाचे तीन-चार थेंब. हे भजं कुरकुरीत होणार नाही, वड्यासारखं मऊ होईल, तेव्हा "ही घे भजी" म्हणून समोर ठेवू नका. गरम कढीत सोडून भज्यांची कढी म्हणून वाढा. नाव बरोबर असलं की अपेक्षाही बरोबर राहते. मी हे हलक्यात सांगत नाही. पथ्याचा पदार्थ आवडत्या पदार्थाच्या नावाने वाढल्यामुळे घरातली माणसं दुखावलेली मी पाहिली आहेत.

सोयाबीनचं विचाराल म्हणून सांगते. आपल्याकडे शेतात पिकतं, त्यामुळे लोक कच्चंच गिरणीत नेतात. तसं करू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो, तो उष्णतेने निकामी होतो. नीट खमंग भाजून मगच दळा आणि भाकरीच्या पिठात दहात एक भाग, त्याहून जास्त नको, कडवटपणा येतो. सोयावडी वापरायची तर गरम मिठाच्या पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळा, मिक्सरमध्ये फिरवा आणि फुणक्याच्या मिश्रणात मिसळा. तीस ग्रॅम कोरड्या वडीत पंधरा ग्रॅम प्रथिनं असतात, त्यामुळे थोडीशीही पुरते.

आणलेली पावडर फेकू नका, पण तव्यावरही नेऊ नका. दुधातल्या प्रथिनांची ती भुकटी तापली की आवळते आणि पाणी सोडते, म्हणून तुमची धिरडी चिवट झाली. पोषण जात नाही, खाणं जातं. बिनवासाची असेल तर गार ताकात घुसळा, व्हॅनिलाची असेल तर दुधात. संपली की नवीन आणायची गरज मला दिसत नाही.

पापड भाजून खा. उडदाचा असो की ज्वारीचं बिबडं, निखाऱ्यावर किंवा गॅसच्या जाळीवर. उडदाच्या एका पापडात दोनेक ग्रॅम प्रथिनं असतात, पण मीठही बरंच, त्यामुळे रक्तदाब असलेल्यांनी एकावर थांबावं.

एक गोष्ट नक्की करून घ्या. यजमानांची साखर काठावर आहे, तेव्हा प्रथिनं वाढवण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) आणि लघवीतली प्रथिनं तपासली गेली आहेत का ते बघा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांचं माप डॉक्टर ठरवतील, माझे वरचे आकडे तिथे चालणार नाहीत. सासूबाईंनाही मधुमेह किंवा मूत्रपिंडाचं काही असेल तर तसंच.

सगळं एकदम सुरू करू नका. या आठवड्यात दोनदा फुणके आणि दोनदा भत्ता, बाकी जे चालतं ते चालू द्या. आणि फुणके वाटताना सासूबाईंना शेजारी बसवा, मिठाचा अंदाज त्यांना विचारा. त्यांच्या माहेरी फुणक्यात काय घालत होते तेही विचारा. तुरीची पूर्ण डाळ, मेथी की कांद्याची पात, आणि तसेच करा. माझ्या मापापेक्षा त्यांच्या घरचं माप तुमच्या ताटात जास्त दिवस टिकेल.